रविवारची पंधरा पाने

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा हे धानाच्या बांध्यांनी वेढलेले गाव. अशा गावातील एका व्यापारी घराचे चित्र वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. दर्शनी भागात वडिलांचे धान्याचे दुकान, वजनकाट्याशेजारी क्यूआर कोडचा फलक आणि आतल्या फडताळात आजोबांच्या काळातील, लाल कापडात बांधलेल्या वह्या. मुलगी नागपुरात अभियांत्रिकी शिकली, पुण्याच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करू लागली आणि आता महिन्यातील काही दिवस गावी राहून घरूनच काम करते. रविवारी सकाळी ती ओसरीवर मोबाइल घेऊन बसली की आईला वाटते, सुट्टीच्या दिवशीही मुलीची या यंत्रापासून सुटका नाही. "आई, मी कामाचंच वाचतेय," हे तिचे ठरलेले उत्तर. एका रविवारी वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवीत सहज विचारले, "तासभर वाचलंस ना? मग काय वाचलंस ते आम्हालाही सांग."

मुलगी सांगू गेली आणि अडखळली. तासाभरात तिने तीस-चाळीस मथळे पाहिले होते. कोणत्या कंपनीने कोणते नवे साधन आणले, कोणती संगणकभाषा मागे पडली, कोठे किती जणांना घरी पाठवले, हे सारे तिच्या डोळ्यांखालून गेले होते; पण आरंभापासून शेवटापर्यंत सांगता येईल अशी एकही गोष्ट हाती उरली नव्हती. वडिलांच्या प्रश्नात टोमणा नव्हता. दुकान बंद करताना दिवसाची शिल्लक विचारावी, तसा तो प्रश्न होता. तासाची शिल्लक मात्र शून्य निघाली.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. आज महाराष्ट्रातील लहानमोठ्या गावांतील असंख्य कुटुंबांत एखादा मुलगा, सून वा जावई सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात आहे. या व्यवसायाचे ज्ञान फार लवकर जुने होते, अशी तक्रार त्यांच्या तोंडी नेहमी असते आणि ती खोटी नाही. २०२५च्या जुलैमध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने सुमारे १२ हजार पदे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा अनेक घरांतील गृहकर्जाचे हप्ते आणि मुलांच्या शाळांचे शुल्क यांची गणिते रात्रीतून नव्याने मांडली गेली. अशा वेळी माणूस घाबरून अधिकाधिक चाळू लागतो. काहीतरी निसटेल या भीतीने रोज शेकडो मथळे पाहतो आणि त्यालाच वाचन समजतो. प्रत्यक्षात भीती वाढते, ज्ञान तेथेच राहते.

अशी भीती नवी नाही. १९८४मध्ये डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाची शिफारस केली आणि पुढे त्यांच्याच अध्यक्षतेखालील दुसऱ्या समितीने संगणकीकरणाची वाट आखली. खतावणीत सुंदर अक्षर काढणाऱ्या, लांबलचक बेरजा तोंडी करणाऱ्या कर्मचाऱ्यांना त्या काळी आपले कसब निरुपयोगी ठरणार असे वाटे. संघटनांनी विरोध केला, वाटाघाटी झाल्या आणि ऑक्टोबर १९९३मध्ये बँकांचे व्यवस्थापन व कर्मचारी संघटना यांच्यात संगणकीकरणाविषयी करार झाला. अक्षराचे महत्त्व गेले हे खरे. परंतु नावे कोठे टाकावे आणि जमा कोठे, दोन बाजू जुळल्या नाहीत तर चूक कोठे शोधावी, ही समज यंत्र आल्यावरही तितकीच मोलाची राहिली. कारण यंत्राने दिलेला आकडा बरोबर आहे की नाही, हे तिच्यावाचून ठरवता येत नव्हते. व्यवसायातील काही ज्ञान साधनांचे असते आणि काही समजुतीचे. पहिले दर पाचदहा वर्षांनी बदलते, दुसरे टिकते. आठवड्याच्या वाचनाचा मोठा वाटा दुसऱ्यासाठी राखला पाहिजे.

मग वाचावे काय? सॉफ्टवेअरच्या क्षेत्राचे एक भाग्य असे की, त्यातील उत्तमोत्तम लिखाण इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहे. त्याचे ढोबळमानाने तीन कप्पे करता येतील.

पहिला कप्पा पायाभूत लेखांचा. कोंढ्यातील दुकानाच्या फलकावर गिऱ्हाईक मोबाइल धरते, त्याच्या खात्यातून ८५ रुपये जातात आणि दुकानदाराच्या खात्यात येतात. मध्येच वीज गेली किंवा जोडणी तुटली तरी व्यवहार अर्धा राहू नये. एक तर दोन्ही नोंदी व्हाव्यात, नाही तर एकही टिकू नये. यूपीआय भारतात २०१६मध्ये आले. पण या विचाराची सुबक मांडणी जिम ग्रे या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने १९८१मधील एका लेखात केली आहे. त्या लेखाचा आरंभ संगणकापासून होत नाही. व्यवहाराची कल्पना ग्रे करारविषयक कायद्यातून घेतात. दोन पक्ष बोलणी करतात, सह्या होतात आणि त्यानंतर करार दोघांवर बंधनकारक होतो. झालेला व्यवहार पुसता येत नाही. चूक असल्यास दुसरा, उलटा व्यवहार करून ती निस्तरावी लागते. ज्या घरात हिशेबाच्या वहीत खाडाखोड करणे निषिद्ध मानले गेले, त्या घरातील मुलीला हा लेख परका वाटण्याचे कारण नाही.

याच कप्प्यात एक नवा लेखही ठेवता येईल. आजच्या संभाषण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा पाया मानला जाणारा शोधनिबंध जून २०१७मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी खुला झाला. तो जेमतेम १५ पानांचा आहे. त्याच्या आठ लेखकांपैकी निकी परमार यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या पीआयसीटी महाविद्यालयात झाले. या तंत्राविषयी भीती वा कौतुक व्यक्त करणारे लेख रोज शेकड्यांनी येतात. मूळ १५ पाने वाचलेली माणसे त्या मानाने थोडी. गणित पहिल्या वाचनात कळले नाही तरी हरकत नाही. तीन रविवार दिले तर मुख्य कल्पना हाती येते, आणि एकदा ती आली की शंभर मथळ्यांपैकी नव्वद वाचण्याची गरज उरत नाही.

दुसरा कप्पा फसलेल्या कामांच्या अहवालांचा. हा सर्वांत मोलाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात थेरॅक-२५ नावाच्या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. त्यांतील काही दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीचा किरण थांबवण्यासाठी स्वतंत्र यांत्रिक अडसर होते. नव्या यंत्रात ती जबाबदारी बव्हंशी सॉफ्टवेअरवर सोपवण्यात आली. अनुभवी यंत्रचालकाने पडद्यावरील चूक झटपट दुरुस्त केली, तर आतल्या दोन क्रियांचा मेळ तुटे. पडद्यावर फक्त 'बिघाड ५४' अशी अर्थहीन सूचना येई. रुग्ण भाजल्याचे सांगत असताना, यंत्रातून असे होणे शक्य नाही, असे उत्तर दिले जात होते. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३मध्ये प्रसिद्ध केलेला याविषयीचा अभ्यास आजही मिळतो. त्यात कोणा एकाला खलनायक केलेले नाही. जुन्या यंत्रात तीच आज्ञावलीतील चूक होती, पण यांत्रिक अडसरामुळे ती कधी उघडकीस आली नाही, ही एक गोष्ट वाचली तरी 'आजवर काही झाले नाही, म्हणजे सारे ठीक आहे' या समजुतीवरचा विश्वास कायमचा उडतो.

दुसरे उदाहरण ३१ जानेवारी २०१७चे. गिटलॅब या कंपनीतील एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुसऱ्याच सर्व्हरवर काम करीत आहोत या समजुतीने, मुख्य सर्व्हरवरील माहिती पुसली. चूक सेकंदाभरात ध्यानात आली, तोवर बहुतेक सारे गेले होते. राखीव प्रती घेण्याचे व माहितीची जुळी प्रत ठेवण्याचे मिळून पाच मार्ग कागदावर होते. ऐन वेळी त्यांतील एकही नीट चालत नसल्याचे आढळले. सहा तासांपूर्वी योगायोगाने घेतलेली एक प्रत होती, म्हणून कंपनी वाचली. तिने हा सारा वृत्तांत न लपवता जगापुढे ठेवला. बँकेत तिजोरीच्या चावीची दुसरी प्रत दुसऱ्या शाखेत ठेवतात, आणि ठरावीक मुदतीने ती मागवून कुलूप उघडते की नाही हे पाहतात. चावी आहे एवढी नोंद पुरत नाही. कुलूप उघडून पाहिल्याशिवाय चावी असण्याला अर्थ नाही, हा धडा गिटलॅबच्या अहवालातून ज्याने वाचला, तो सोमवारी कामावर गेल्यावर आपल्या राखीव प्रती एकदा उघडून पाहील. वाचनाचे मोल असे रोकडे असते.

तिसरा कप्पा माणसांच्या कामाच्या पद्धतीचा. मार्च २०२४मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपल्या संगणकावर प्रवेश घेण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, असे दिसले. दुसऱ्या कोणी दुर्लक्ष केले असते. त्यांनी कारण शोधले, तेव्हा जगभर वापरल्या जाणाऱ्या लिनक्स प्रणालीतील एका लहानशा घटकात कोणीतरी चोरवाट ठेवल्याचे उघड झाले. ती ठेवणाऱ्याने टोपणनावाने दोनहून अधिक वर्षे मदतनीस म्हणून वावरून मूळ सांभाळकर्त्याचा विश्वास मिळवला होता. चार आण्यांच्या फरकासाठी रात्री उशिरापर्यंत वह्या जुळवणाऱ्या जुन्या रोखपालांची ही जातकुळी. फरक किती, याला महत्त्व नसते. फरक का, याला असते.

याच कप्प्यात डोनाल्ड क्नुथ यांचा उल्लेख करावा लागेल. छपाईसाठी त्यांनी टेक नावाचे सॉफ्टवेअर लिहिले आणि ते लिहिताना झालेल्या आपल्या शेकडो चुकांची वर्गवारीसह यादी १९८९मध्ये स्वतःच प्रसिद्ध केली. आपल्या ग्रंथातील चूक दाखवणाऱ्यास ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवीत. मिळालेले धनादेश लोक वटवण्याऐवजी चौकटीत लावून भिंतीवर टांगत. पुढे धनादेशांवरील खातेक्रमांकाचा गैरवापर होण्याचा धोका दिसला, तेव्हा २००८पासून त्यांनी खऱ्या धनादेशांऐवजी एका काल्पनिक बँकेची ठेवप्रमाणपत्रे देण्यास आरंभ केला. आपली चूक दाखवणाऱ्याचे ऋण मानणारी ही वृत्ती कोणत्याही नव्या साधनापेक्षा अधिक शिकण्याजोगी आहे.

हे सारे साहित्य मिळवणे एके काळी सोपे नव्हते. चाळीस वर्षांपूर्वी अशा नियतकालिकाचा अंक पाहायचा, तर पवई, पुणे वा नागपूर येथील एखाद्या मोठ्या संस्थेच्या ग्रंथालयाची पायरी चढावी लागे. कोंढ्याच्या मुलाला त्या लेखाचे नावही कळण्याचा संभव नव्हता. १९९१मध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी शोधनिबंधांचे खुले भांडार सुरू केले. तेच आज अर्काइव्ह या नावाने ओळखले जाते. संगणकशास्त्राची जागतिक संस्था एसीएम हिने २०२२मध्ये १९५१ ते २००० या पन्नास वर्षांतील आपले साहित्य सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. कॅलिफोर्नियातील अभियंता जे पान वाचतो, तेच पान आज वैनगंगेच्या खोऱ्यातही त्याच क्षणी उघडते. ग्रंथालयाचे अंतर मिटले आहे. आता उरलेले अंतर सवयीचे आहे, आणि ते ज्याचे त्यानेच कापायचे आहे.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलांना इंग्रजीतील दीर्घ लेख जड वाटतात आणि ते संकोचाने सांगत नाहीत. त्यांनी सोलापूरचे अच्युत गोडबोले यांच्याकडे पाहावे. आयआयटी मुंबईतून १९७२मध्ये रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतलेला हा गृहस्थ सॉफ्टवेअर कंपन्यांच्या सर्वोच्च पदांवर पोहोचला, त्याने कार्यकारी प्रणालींवर इंग्रजी पाठ्यपुस्तक लिहिले, आणि 'किमयागार', 'अर्थात', 'मनात' यांसारख्या ग्रंथांतून विज्ञान, अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र मराठी घरांत आणले. आपल्या व्यवसायाबाहेरचे सातत्याने वाचल्यामुळे व्यवसायातील माणूस लहान होत नाही, हे या उदाहरणावरून दिसते. मराठीतून विषयाची गोडी लावून घ्यावी आणि मग इंग्रजी लेख शब्दकोश जवळ ठेवून सावकाश वाचावा. पहिल्या लेखाला चार दिवस लागतील, दहाव्याला एक तास.

आता रीत. आठवड्याला एकच लेख घ्यावा. पंधरावीस पानांहून मोठा असल्यास दोन आठवड्यांत विभागावा. तो शनिवारीच निवडून ठेवावा, म्हणजे रविवारचा तास शोधण्यात जात नाही. वाचताना भ्रमणध्वनीवरील सूचना बंद ठेवाव्यात. शक्य असल्यास लेख छापून घ्यावा. वाचून झाल्यावर एका साध्या वहीत तीन ओळी लिहाव्यात: काय घडले वा काय सांगितले, ते का घडले, आणि माझ्या कामात ते कोठे लागू पडते. तिसरी ओळ सुचली नाही, तर जागा कोरी ठेवून तारीख घालावी. बँकेत जुळवणी न झालेल्या रकमा वेगळ्या खात्यात ठेवतात आणि त्यांचा पाठपुरावा करतात, तशीच ही कोरी ओळ. कधीतरी एखाद्या बुधवारी कामाच्या मध्यात तिचे उत्तर सापडते. वर्षाचे ५२ आठवडे. त्यांतील बारा सणावारांना, प्रवासाला आणि आजारपणाला सोडले, तरी ४० लेख होतात. पाच वर्षांत २००. मुलाखतीला बसलेल्या उमेदवारात आणि त्याच्यासारख्याच दुसऱ्या उमेदवारात फरक पाडण्यास एवढी पुंजी पुरेशी आहे. नोकरी टिकेलच, अशी हमी कोणतेही वाचन देत नाही. पण नोकरी गेल्यावर माणसाजवळ काय उरते, हे वाचनावर बरेच अवलंबून असते.

घरातील वडीलधाऱ्यांनाही यात एक काम आहे. 'सारखा मोबाइल' अशी तक्रार करण्यापेक्षा कोंढ्याच्या त्या दुकानदाराप्रमाणे 'काय वाचलंस ते सांग' असे विचारावे. आपल्या वडिलांना समजेल अशा शब्दांत सांगता आले, तरच ते आपल्याला समजले, ही कसोटी कोणत्याही परीक्षेहून कडक आहे.

त्या घरी पुढच्या रविवारी तो प्रश्न पुन्हा आला, तेव्हा मुलगी तयार होती. तिने मंगळाकडे पाठवलेल्या अमेरिकी यानाची गोष्ट सांगितली. २३ सप्टेंबर १९९९ रोजी ते यान मंगळाजवळ पोहोचले आणि नाहीसे झाले. यानाला दिलेल्या धक्क्यांचे मोजमाप एका गटाचे सॉफ्टवेअर पौंडाच्या इंग्रजी मापात देत होते. दुसऱ्या गटाचे सॉफ्टवेअर ते आकडे न्यूटनच्या दशमान मापातील समजून घेत होते. दोन्ही गटांची गणिते आपापल्या जागी बरोबर होती. लहान लहान फरक नऊ महिने साचत गेला, आणि यान ठरल्यापेक्षा फार खाली, मंगळाच्या वातावरणात शिरले.

वडील हसले. "आपल्याकडं धानाची खंडी म्हणतात, पण या गावची खंडी अन् त्या गावची खंडी एक नसायची. तुझे आजोबा सौदा करताना आधी विचारायचे, खंडी कोणत्या मापाची? मग भाव." थोडे थांबून त्यांनी विचारले, "तुमच्या कामात हे माप कोण विचारतं?"

मुलीने उत्तर दिले नाही. तिच्या गटाचे सॉफ्टवेअर दुसऱ्या शहरातील एका गटाकडून रोज आकडे घेत होते, आणि ते कोणत्या मापात येतात हे तिने आजवर गृहीतच धरले होते. तिने वही उघडली आणि तिसरी ओळ लिहिली. सोमवारी सकाळी पहिला दूरध्वनी तिने त्या गटाला केला.